गडग्याच्या अलीकडे

कळ दाबताच कॅमेऱ्याचं झाकण पुढे पडलं आणि काळा भाता रुळांवरून सरकत येऊन खट्ट करून जागेवर बसला. रमजानने त्यावर हलकी फुंकर मारली. भात्याच्या घड्यांवरून बोट फिरवलं, कॅमेरा उन्हाकडे धरून कुठे चीर गेली आहे का ते पाहिलं. मग मोजायच्या टेपचं एक टोक त्याने कौसरच्या हातात दिलं.

"गडग्याला लाव," तो म्हणाला. "आणि तिथंच उभी राहा. हलू नको."

कौसर अंगण ओलांडून गेली आणि कुंपणाच्या चिरेबंदी गडग्याला पाठ टेकून उभी राहिली. गडग्यापलीकडे उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी मिरकरवाड्याचं बंदर. लिलावाचा गलका वाऱ्याबरोबर वर येत होता, मधेच थांबत होता.

"टेप कशाला, अब्बा? माझी नजर म्हणजेच टेप, असं सगळ्यांना सांगता ना तुम्ही."

"एकदा चुकली होती."

"ती चूक तर मी दुरुस्त करून आणली," कौसर म्हणाली आणि हसली.

रमजानने टेपकडे पाहिलं. टेपवर आठ फूट भरले होते. भिंगाभोवतीचं कडं फिरवून त्याने आठाचा आकडा खुणेसमोर आणला.

हा कॅमेरा त्याने हॅम्बुर्गमध्ये घेतला होता, बोटीवर नवा खलाशी म्हणून लागला तेव्हा. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी नवऱ्याच्या वस्तू मांडून बसली होती. बूट, चष्मे, एक व्हायोलिन आणि हा. तिची भाषा त्याला येत नव्हती, त्याची तिला. तिने हातांनीच शिकवलं. समोरच्या माणसाकडे बोट दाखवलं, त्याच्यापर्यंत पावलं टाकली, परत आली आणि कडं फिरवलं. वरच्या अंगाला नखाएवढी काच होती. कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून त्या काचेत बघायचं. तिच्यात डावं ते उजवं दिसे, आणि कडं कुठेही असलं तरी सगळं लख्खच दिसे. चूक झाली तर ती रोल धुऊन आल्यावरच कळायची. म्हणजे अंतर ज्याचं त्याने ओळखायचं. रमजानला त्याची भीती वाटली नाही. बोटीवरून धक्क्यावर दोर फेकणाऱ्याला अंतर शिकवावं लागत नाही.

कौसर रविवारी मस्कतला जाणार होती. तिचा नवरा अक्रम गेली बरीच वर्षं तिथे नोकरीला होता. आता कुठे त्याला घरच्यांना न्यायची परवानगी मिळाली होती, आणि शाळा सुरू व्हायच्या आत मुलांना घेऊन तो पुढे गेलाही होता. कौसर मागे राहिली ती घर लावायला. म्हणजे खरं तर अब्बांना लावायला. गॅस कसा बदलायचा, गोळ्या कुठल्या डब्यात, मीटर जास्त आलं तर कुणाला फोन करायचा. रमजान सगळ्याला मान डोलवी. ह्या घरातून आजवर निघून जायचा तो स्वतःच. फाटकापाशी उभं राहणं त्याला ठाऊक नव्हतं.

म्हणून त्याने मुंबईहून रोल मागवला होता. कौसर म्हणाली होती की फोनवर हवे तेवढे फोटो निघतील. तो म्हणाला होता, ते निघतीलच, पण एक ह्याच्यावर काढू.

आणि कौसरने काय केलं होतं, तर तिने अम्मीचा फोटो आणला होता.

नसीमाचा एकच फोटो घरात होता. निकाहात फोटो काढायची पद्धत त्या वेळी त्यांच्या घरात नव्हती. पुढे रमजानने कॅमेऱ्यात धरली तेव्हा तेव्हा ती हसून पाठ फिरवी. एकदाच ती सरळ उभी राहिली, तो बोटीवर परत निघाला त्या सकाळी, ह्याच अंगणात. कौसर तेव्हा रांगतही नव्हती. रोल कॅमेऱ्यातच राहिला. मग आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ कप्तानाने त्याला खोलीत बोलावलं आणि घरून आलेली तार वाचून दाखवली. कावीळ उलटली होती. पुढच्या बंदरात त्याने रोल धुवायला टाकला. दुकानदाराने फोटो एकेक करून मांडले आणि शेवटच्यापाशी माफी मागितल्यासारखी मान हलवली. मागचा गडगा इतका स्वच्छ आला होता की चिऱ्यातली भोकं मोजावीत, आणि पुढे नसीमा, पाण्याखालून दिसावी तशी. खाली एक पांढरट डागही होता. भात्यातून उजेड शिरला असेल, असं त्याने धरून ठेवलं होतं. तो घरी पोचला तेव्हा कबरीवर गवत आलं होतं.

तो धूसर फोटो कौसरने फोनमध्ये घेऊन कसल्याशा अॅपमधून काढला होता. मग मोठा छापून, सोनेरी चौकट लावून आणला. गेल्या शुक्रवारी नमाजाहून तो परतला तेव्हा चौकट बाहेरच्या खोलीत लागलेली होती आणि कौसर तिच्याखाली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"बघा," ती म्हणाली होती. "आली की नाही अम्मी?"

चौकटीतली बाई देखणी होती. डोळे टपोरे, भुवया कोरलेल्या, नाक सरळ, गालावर कुठे डाग नाही. एखाद्या जाहिरातीत शोभली असती. नसीमाच्या डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची खोक होती. तिचा पुढचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता, आणि हसू येऊ नये म्हणून ती त्या दातावर ओठ ओढून धरी.

"आली," रमजान म्हणाला होता. कौसरला आई आठवत नव्हती. आजीने तिला वाढवली. दुसऱ्यांच्या आयांकडे ती कशी बघायची, ते त्याने सुटीवर आला की पाहिलेलं होतं.

पण गेले काही दिवस एक वेगळीच गोष्ट व्हायला लागली होती. डोळे मिटले की तीच बाई येई. आधी खोक असलेली भुवई दिसे, आणि बघता बघता ती भरून येऊन कोरीव होई. तो उठून पाणी पिई. बाहेरच्या खोलीतून जाताना त्याने भिंतीकडे बघायचं सोडलं. जेवायलाही तो आता मागच्या पडवीत बसे, आणि उकडतं म्हणून सांगे.

"अब्बा, काढताय ना?" कौसर गडग्यापासून म्हणाली. "पाठ पोळतेय."

त्याने कॅमेरा पोटाशी धरला, मान खाली घातली. नखाएवढ्या काचेत नखाएवढी कौसर उभी होती. तेवढ्यात फाटक करकरलं.

शेजारच्या धोंडूबाई आल्या होत्या. त्यांचे यजमान मच्छीमार बोटीवर तांडेल होते, त्या स्वतः गुडघे चालत होते तोवर बंदरावर मासळी विकायला बसत. आता त्या घरातून कमीच बाहेर पडत. एका हाताने फाटक धरून, दुसऱ्या हातातली सुक्या कोळंबीची पुडी सांभाळत त्या आत आल्या.

"सोडे आणलेत गो," त्या कौसरला म्हणाल्या. "तिकडं गावायचे नायत असले. चांगले उन्हात सुकवलेत. घट्ट बांधून ने, वास बाहेर आला तर इमानात बसू देनार नायत."

"मावशी, आत या, सावलीत बसा. चहा टाकते."

रमजानने कॅमेरा पायरीवर ठेवला. तिघं बाहेरच्या खोलीत आली. धोंडूबाई खुर्चीत टेकल्या, गुडघे चोळत त्यांनी वर पाहिलं आणि हाताची झापड डोळ्यांवर धरली.

"ही कोण? अक्रमकडची काय?"

स्वयंपाकघराच्या दारात कौसर थांबली. "मावशी, अम्मी आहे ती."

"कुणाची?"

"माझी. नसीमा."

धोंडूबाई उठल्या. खुर्चीची पाठ धरून, मग भिंत धरून चौकटीपाशी गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"नाय गो," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात वाद नव्हता, कुणाचा तरी पत्ता चुकला असावा तसा सूर होता. "ही नसीमा नाय. नसीमाचं नाक कुठं असं होतं?"

"फोटो जुना आहे वयनी," रमजान घाईने म्हणाला. "छापताना थोडं इकडंतिकडं होतं."

कौसर त्याच्याकडे बघत होती. तो चौकटीकडे बघायचं टाळत होता, आणि ते तिने आता पाहिलं. पडवीतलं जेवण, उकडणं, सगळं तिने एकदम पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"तू एवढ्या हौसेनं आणलास."

ती पाटावर बसली. चहाचं आधण आत उकळत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"मी मुलांना पाठवलाय हा फोटो," ती म्हणाली. "सगळ्यांना पाठवलाय. मला वाटलं, आता मला पण दाखवायला कुणीतरी आहे."

धोंडूबाईंना आपण काय केलं ते उमगलं असावं. त्यांनी कौसरच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"आधीचा फोटो कुठाय?" त्यांनी विचारलं. "तो बारका?"

रमजानने कपाटातून तो आणून दिला. धोंडूबाईंनी तो दाराच्या उजेडात धरला, लांब केला, जवळ केला.

"ही आहे," त्या म्हणाल्या. "ही आहे ना नसीमा. अशीच यायची चालत."

"चालत कुठं," रमजान म्हणाला. "उभी आहे. मीच अंतर चुकलो. कडं भलतीकडं फिरवलं माझ्या हातनं, म्हणून ती पुसट आली नि मागचा गडगा साफ आला."

"तू काय चुकलास? ती गडग्यालाच तर टेकून उभी होती."

रमजानने वर पाहिलं.

"मी होते की तिथं," धोंडूबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी सोडेच घेऊन आले होते, फाटकात उभी. तू तिला सांगत होतास, अशीच टेकून राहा, हलू नको. ती राहिली पण. मग तू मान खाली घातलीस त्या डब्यात. आनि तू मान खाली घातलीस तशी ती निघाली ना पुढं. हात पुढं केलान. काय तरी बोलायचं होतं तिला. तेवढ्यात तुझं खट झालं, नि कोन तरी आलं सांगत की गाडी लागली म्हणून. झाली मग धावपळ."

रमजानने फोटो त्यांच्या हातातून घेतला. खालचा पांढरट डाग त्याने बोटाने झाकला, बोट काढलं. डागाला मागे मनगट होतं. मनगटावर बांगड्यांच्या जागी एक काळसर रेघ होती. चाळीसेक वर्षं तो त्याला उजेड समजत आला होता.

"काय बोलायचं होतं?" त्याने विचारलं.

"मी विचारलं मागनं. म्हणाली, येतील तेव्हा सांगीन."

आत चहा उतू गेला. कौसर उठली, गॅस बंद करून परत आली, आणि बापाच्या शेजारी उभी राहून तिने फोटोत पाहिलं. चेहरा आताही दिसत नव्हता. भुवई नव्हती, दात नव्हता. पण आता ती कुणीकडे निघाली होती ते दिसत होतं.

धोंडूबाईंना चहा अर्धाच गेला. निघताना त्या फाटकापाशी थांबल्या. "मी आपली बोलून गेले," त्या म्हणाल्या. रमजान म्हणाला, "बरं झालं, वयनी." त्यांना फाटकाबाहेर सोडून तो वळला तेव्हा कौसर बाहेरच्या खोलीतल्या खिळ्यावरून चौकट उतरवत होती. तिने ती पालथी करून पलंगावर ठेवली. त्याने तिला अडवलं नाही.

ऊन अजून अंगणात होतं, पण गडग्याची सावली पुढे सरकायला लागली होती. खाली बंदरावर लिलाव आटपला असावा. बर्फ फोडल्याचा आवाज येत होता.

"चला," कौसर म्हणाली. "तुमचा फोटो राहिला."

तिने तोंड धुतलं होतं. ती जाऊन गडग्याला पाठ टेकून उभी राहिली, मघाच्याच जागी. रमजानने पायरीवरचा कॅमेरा उचलला. कडं आठावर होतं. टेप लावायची गरज नव्हती. शटर ताणून त्याने कॅमेरा पोटाशी धरला, मान खाली घातली. काचेत कौसर उभी होती, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे, लहान आणि अगदी स्पष्ट. त्याचा अंगठा खटक्यावर गेला.

मग त्याने मान वर केली.

ती हलली नव्हती. पण ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही. काढा."

"नाय. सांग."

"ऊन जाईल अब्बा."

"जाऊ दे."

कौसरने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. गडग्याचा तांबडा चुरा तिच्या कोपराला लागला होता. तो झाडत झाडत ती म्हणाली, "अम्मी तुम्हाला हाक काय मारायची?"

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. ती कशी दिसायची ते विचारलं होतं, काय झालं ते विचारलं होतं, किती दिवस अंथरुणात होती ते त्यानेच दुसऱ्यांना विचारलं होतं. तो पायरीवर बसला. कॅमेरा त्याने बाजूला ठेवला, भाता उघडाच.

"हाक मारायची नाय ती," तो म्हणाला. "घरात माझी आई असायची, मोठी माणसं असायची. नाव कसं घेणार? दाराशी यायची आणि बांगड्या वाजवायची. दाराच्या चौकटीवर. म्हणजे समजायचं, जेवायला ये, नायतर पाणी काढून ठेवलंय."

"ह्याच चौकटीवर?"

"हीच."

कौसर गडग्यापासून निघाली. अंगण ओलांडून, त्याच्या बाजूने पायऱ्या चढून ती त्याच्या मागे दारात जाऊन उभी राहिली. तिच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या, मस्कतला जायचं म्हणून परवाच बाजारातून भरलेल्या. तिने मनगट चौकटीवर आपटलं.

"अशा?"

"एवढ्या जोरात नाय," रमजान समोर बघत म्हणाला. "आई उठली असती."

तिने पुन्हा वाजवल्या.

"हळू. नि दोनदा. मधे जरा थांबायची. मी ऐकलं की नाय, त्याचा अंदाज घ्यायची बहुतेक."

गडग्याची सावली पायरीच्या जवळ आली होती. मग चौकटीवर काच हलकेच वाजली, थांबली, आणि परत एकदा वाजली.

"आलो," रमजान म्हणाला.